रेणवीय प्रतिरूपण (रासायनिक अभियांत्रिकी)

रेणवीय प्रतिरूपण म्हणजे पदार्थातील अणू-रेणूंची रचना, त्यांच्यातील बले व त्यांची हालचाल यांचे गणिती प्रतिरूप तयार करून संगणकाच्या साहाय्याने त्या पदार्थाच्या गुणधर्मांचा अंदाज बांधण्याची पद्धत होय. रासायनिक अभियांत्रिकीत ही पद्धत उत्प्रेरकांची निवड, वायूंचे व द्रवांचे विलगीकरण, विद्रावकांचा शोध, बहुवारिकांचे गुणधर्म, औषधे व कीटकनाशके यांच्या अभ्यासासाठी वापरली जाते. भौतिकी, रसायनशास्त्र, गणित आणि संगणनशास्त्र यांच्या सीमेवर उभे असलेले हे क्षेत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाले. महाराष्ट्रात त्याचे अध्ययन व संशोधन प्रामुख्याने पुणे व मुंबई येथे चालते, तर विदर्भातील रासायनिक अभियांत्रिकीच्या शिक्षणाचे केंद्र नागपूर हे आहे. यवतमाळसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यातील कीटकनाशकांची विषबाधा व भूजलातील फ्लोराइड हे प्रश्नही अंतिमतः रेणूंच्या वर्तनाशी निगडित असल्याने या शास्त्राचा त्यांच्याशी निकटचा संबंध येतो.

## संज्ञा

मराठीत मूलद्रव्याच्या लघुतम कणास 'अणू' आणि अणूंच्या संयोगाने बनलेल्या कणास 'रेणू' म्हणतात. हिंदीत मात्र 'अणु' हा शब्द रेणूसाठी आणि 'परमाणु' हा शब्द अणूसाठी वापरला जातो. हिंदी पाठ्यपुस्तकांचा आधार घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांचा त्यामुळे पुष्कळदा गोंधळ होतो. रेणूची वा पदार्थाची गणिती प्रतिकृती उभी करणे यास 'प्रतिरूपण' आणि ती प्रतिकृती संगणकात प्रत्यक्ष चालवून पाहणे यास 'सदृशीकरण' अशी संज्ञा आहे. व्यवहारात मॉडेलिंग व सिम्युलेशन हे शब्दही सर्रास वापरले जातात.

## मूळ कल्पना

कारखान्याची रचना करणाऱ्या रासायनिक अभियंत्याला अनेक आकड्यांची गरज असते. दोन द्रवांचे मिश्रण कोणत्या तापमानास उकळेल, वाफेत कोणत्या घटकाचे प्रमाण अधिक असेल, द्रवाची श्यानता किती, एखादा वायू घन पदार्थाच्या छिद्रांत किती प्रमाणात धरला जाईल, हे ठाऊक असल्याशिवाय ऊर्ध्वपातन मनोऱ्याची उंची वा अधिशोषण टाकीचा आकार ठरवता येत नाही. हे आकडे परंपरेने प्रयोगशाळेत मोजून मिळवले जातात. परंतु पदार्थ विषारी, स्फोटक अथवा अत्यंत महाग असेल, किंवा तापमान व दाब फार मोठे असतील, तर मोजमाप अवघड होते. अद्याप तयारच न झालेल्या पदार्थाचे मोजमाप तर शक्यच नसते. अशा वेळी रेणूंपासून आरंभ करून गुणधर्म गणिताने काढण्याचा मार्ग उपयोगी पडतो.

या मार्गातील मुख्य अडचण रेणूंच्या संख्येची आहे. १८ ग्रॅम पाण्यात सुमारे ६.०२२ × १०²³ रेणू असतात. सेकंदाला एक कोटी या वेगाने ते मोजत बसल्यास मोजणी पूर्ण होण्यास सुमारे १९० कोटी वर्षे लागतील. संगणकात म्हणून काही शेकड्यांपासून काही लाखांपर्यंत रेणूंची एक लहानशी पेटी घेतली जाते आणि तिच्या सर्व बाजूंना तिच्याच प्रतिमा मांडलेल्या आहेत असे मानले जाते. पेटीच्या उजव्या भिंतीतून बाहेर पडणारा रेणू त्याच क्षणी डाव्या भिंतीतून आत येतो. या युक्तीमुळे लहान पेटीही अमर्याद द्रवाप्रमाणे वागते. पेटीतील रेणूंच्या क्षणोक्षणीच्या स्थितींची सरासरी काढून तापमान, दाब, घनता यांसारखे मोजता येण्याजोगे गुणधर्म मिळवणे हे सांख्यिकीय यामिकीचे काम आहे. लुडविग बोल्ट्झमन आणि जोसाया विलार्ड गिब्ज यांनी या शाखेचा पाया संगणकाच्या कितीतरी आधी घातला होता.

## इतिहास

१९५३ साली निकोलस मेट्रोपोलिस, ॲरियाना व मार्शल रोझेनब्लूथ आणि ऑगस्टा व एडवर्ड टेलर यांनी अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे यदृच्छ निवडीवर आधारलेली माँटे कार्लो पद्धत द्रवाच्या अभ्यासासाठी मांडली. १९५७ मध्ये बर्नी ऑल्डर व थॉमस वेनराइट यांनी कठीण गोळ्यांच्या हालचालीचे सदृशीकरण करून रेणवीय गतिकीचा आरंभ केला.

खऱ्याखुऱ्या द्रवाचे पहिले महत्त्वाचे सदृशीकरण एका भारतीयाच्या नावावर आहे. हैदराबाद येथे जन्मलेले आणि उस्मानिया विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असलेले भौतिकशास्त्रज्ञ अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत द्रवरूप आर्गॉन वायूच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर गणून दाखवली. त्यांच्या निष्कर्षांचा प्रायोगिक निरीक्षणांशी चांगला मेळ बसला. १९७१ मध्ये त्यांनी फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह पाण्याच्या २१६ रेणूंचे सदृशीकरण केले. अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय भौतिकीसाठी देत असलेला पुरस्कार रहमान यांच्या नावाने दिला जातो.

इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरील गणितात १९६४–६५ मध्ये वॉल्टर कोन व त्यांचे सहकारी यांनी मांडलेला घनता फलन सिद्धांत निर्णायक ठरला. कोन व जॉन पोपल यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१३ चे पारितोषिक बहुस्तरीय प्रतिरूपांसाठी मार्टिन कारप्लस, मायकेल लेव्हिट व अरीये वॉर्शेल यांना देण्यात आले. २०२४ चे पारितोषिक डेव्हिड बेकर यांना प्रथिनांच्या संगणकीय अभिकल्पासाठी आणि डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करण्यासाठी मिळाले. रसायनशास्त्राच्या अभ्यासात संगणक आता परीक्षानळीच्या बरोबरीला आला आहे, हे या पारितोषिकांवरून दिसते.

## प्रमुख पद्धती

पुंजरासायनिक गणित : यात इलेक्ट्रॉनांचे वर्तन पुंजयामिकीच्या समीकरणांनी काढले जाते. रासायनिक बंध तुटणे व जुळणे, उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरील अभिक्रिया यांसाठी ही पद्धत आवश्यक असते. गणिताचा भार मोठा असल्याने ती सहसा काही शेकडा अणूंपर्यंत मर्यादित राहते.

रेणवीय गतिकी : यात अणूंना चेंडूंप्रमाणे मानून त्यांच्यातील बले ठरावीक सूत्रांनी दिली जातात. या सूत्रांच्या संचास 'बलक्षेत्र' म्हणतात. त्यानंतर न्यूटनचे गतिनियम वापरून प्रत्येक अणूचे पुढील स्थान काढले जाते. एक पाऊल साधारणपणे एक ते दोन फेम्टोसेकंदांचे असते. एका सेकंदाचा दहा लाखावा भाग पाहण्यासाठीसुद्धा दोन फेम्टोसेकंदांच्या हिशेबाने पन्नास कोटी पावले टाकावी लागतात.

माँटे कार्लो पद्धत : यात काळाचा प्रवाह नसतो. रेणूंच्या मांडणीत यदृच्छ बदल सुचवले जातात आणि ऊर्जेच्या निकषावर ते स्वीकारले वा नाकारले जातात. सच्छिद्र पदार्थात वायू किती मावेल, वाफ व द्रव यांचा समतोल कोठे साधेल, अशा प्रश्नांसाठी ती सोयीची आहे.

बहुस्तरीय प्रतिरूपण : रेणूपासून कारखान्याच्या टाकीपर्यंतचे अंतर एकाच पद्धतीने ओलांडता येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनांच्या गणितातून बलक्षेत्र, बलक्षेत्रातून विसरणाचा वेग आणि विसरणाच्या वेगावरून टाकीचा आराखडा अशी साखळी जोडली जाते. रासायनिक अभियंत्याचे खास योगदान या साखळीच्या जोडणीत असते.

यंत्रशिक्षण : पुंजरासायनिक गणिताच्या निष्कर्षांवर संगणकाला शिकवून तितकेच अचूक, परंतु पुष्कळ वेगवान बलक्षेत्र मिळवण्याचे प्रयत्न अलीकडील काळात वाढले आहेत.

## महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात रासायनिक अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाच्या स्थापनेने सुरू झाले. हीच संस्था आज रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. विदर्भात रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली नागपूर येथे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ३ जानेवारी १९५० रोजी पुणे येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले, तर १९५८ मध्ये मुंबई येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झिओलाइट या सच्छिद्र उत्प्रेरकांवर दीर्घकाळ संशोधन झाले. झिओलाइटमधील छिद्रांचा आकार रेणूंच्याच मापाचा असल्याने कोणता रेणू आत शिरेल व कोणता बाहेर राहील हा प्रश्न प्रतिरूपणास अतिशय अनुकूल आहे. याच प्रयोगशाळेतील सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ सौरव पाल यांना २००० साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला व पुढे ते प्रयोगशाळेचे संचालक झाले.

पुणे विद्यापीठातील श्रीधर गद्रे यांनी रेणूभोवतीच्या स्थिरविद्युत विभवाचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या गटाने विकसित केलेल्या एका पद्धतीत मोठ्या रेणूचे एकमेकांवर आच्छादणारे लहान तुकडे पाडून प्रत्येकाचे गणित स्वतंत्रपणे केले जाते व नंतर ते जोडले जातात. शिंप्याने कापड बेतून, कापून, पुन्हा शिवावे तसे हे काम असल्याने पद्धतीचे इंग्रजी नावही शिवणकामावरूनच पडले आहे. मोठ्या महासंगणकाशिवाय मोठ्या रेणूंचे गणित करता यावे, ही तिच्यामागील निकड होती.

महासंगणकांच्या बाबतीतही अशीच निकड कारणीभूत ठरली. १९८० च्या दशकात प्रगत महासंगणक परदेशातून मिळण्यावर निर्बंध असल्याने १९८८ साली पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व विजय भटकर यांच्याकडे होते. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या भटकरांचे अभियांत्रिकीचे शिक्षण नागपूर येथे झाले. १९९१ मध्ये सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत देशातील अनेक शिक्षणसंस्थांत परम मालिकेतील यंत्रे बसवण्यात आली. त्यांपैकी 'परम ब्रह्म' हे पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आहे.

## यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भातील प्रश्न

### कीटकनाशकांची विषबाधा

यवतमाळ हा विदर्भातील प्रमुख कापूस उत्पादक जिल्हा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या आठवड्यांत जिल्ह्यात कापसावर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. बाधितांपैकी अनेकांवर यवतमाळ येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले. डोक्याच्या वर वाढलेले पीक, संरक्षक साधनांचा अभाव आणि एकापेक्षा अधिक कीटकनाशके एकत्र मिसळून केलेली फवारणी ही कारणे त्या वेळी चर्चेत होती. राज्य शासनाने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्री व वापरावर साठ दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन यांची द्रव्ये तसेच प्रोफेनोफॉस–सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल–इमिडाक्लोप्रिड ही मिश्रणे होती.

या पाच द्रव्यांच्या घटकांची कार्यपद्धती रेणूंच्या पातळीवर एकमेकांहून भिन्न आहे. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट व प्रोफेनोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके आहेत. मज्जातंतूंमधील संदेश थांबवण्याचे काम करणाऱ्या ॲसिटिलकोलीनएस्टरेज या एंझाइमातील सेरीन नावाच्या घटकाशी त्यांचा फॉस्फरस बद्ध होतो आणि एंझाइम निकामी होते. फिप्रोनिल मज्जापेशींतील वेगळ्या ग्राहीवर परिणाम करते. इमिडाक्लोप्रिडचे लक्ष्य निकोटिनिक ग्राही हे असते. सायपरमेथ्रिन सोडियमच्या मार्गांवर, तर डायफेन्थियुरॉनपासून बनणारे द्रव्य पेशीच्या ऊर्जानिर्मितीवर आघात करते. एंझाइमास बांधलेला फॉस्फरस सोडवून घेणारी ऑक्झिम वर्गातील औषधे म्हणूनच पहिल्या वर्गाच्या विषबाधेत वापरली जातात आणि अन्य वर्गांच्या बाबतीत त्यांचा तसा उपयोग होत नाही. शरीरात कोणता रेणू गेला, हे उपचारासाठी महत्त्वाचे ठरते ते यामुळेच.

ॲसिटिलकोलीनएस्टरेजची त्रिमितीय रचना १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्याचे क्रियाशील केंद्र एका अरुंद, सुमारे दोन नॅनोमीटर खोल घळीच्या तळाशी असल्याचे तीवरून दिसून आले. ही रचना सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रोटीन डेटा बँकेत उपलब्ध आहे. या आधारावर रेणवीय प्रतिरूपणात पुढील प्रश्नांचा अभ्यास केला जातो :

* कीटकनाशकाचा रेणू त्या घळीत कसा बसतो आणि कीटकाच्या व माणसाच्या एंझाइमांत कोणता फरक आहे. हा फरक हेरता आल्यास कीटकाला मारक, परंतु माणसाला कमी घातक असा रेणू शोधणे सुकर होते.
* ऑक्झिम औषध बद्ध झालेल्या फॉस्फरसपर्यंत कसे पोहोचते. काही काळाने हा बंध असा पक्का होतो की औषध निष्प्रभ ठरते. त्या काळाचे गणित पुंजरासायनिक पद्धतीने करतात.
* द्रव्य त्वचेतून आत कसे जाते. त्वचेच्या सर्वांत बाहेरील थरातील स्निग्ध पदार्थांचे पटल संगणकात उभे करून त्यातून रेणूच्या प्रवासास लागणारी ऊर्जा काढता येते. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात विष शिरण्याचा त्वचा हा एक मुख्य मार्ग आहे.
* हातमोज्याच्या बहुवारिकातून कीटकनाशक व त्याचे विद्रावक किती वेगाने झिरपते.

### भूजलातील फ्लोराइड

जिल्ह्याच्या काही तालुक्यांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. दीर्घकाळ अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात व हाडे दुखू लागतात, वाकतात.

नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नीरी'ने, तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नालगोंडा पद्धत' विकसित केली. दुसऱ्या प्रचलित पद्धतीत सक्रियित ॲल्युमिना या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर फ्लोराइडचे अधिशोषण केले जाते. फ्लोराइड आयन पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून ठेवतो. त्याला पृष्ठभागावर आणायचे तर हे पाण्याचे कवच आधी सैल व्हावे लागते. पाण्यातील बायकार्बोनेट आयनही त्याच जागांसाठी स्पर्धा करतात. कोणत्या धातूच्या ऑक्साइडवर ही स्पर्धा फ्लोराइडच्या बाजूने झुकेल, याचा अंदाज प्रतिरूपणाने घेऊन प्रयोगासाठी थोडेच पदार्थ निवडता येतात. शंभर पदार्थ तयार करून तपासण्याऐवजी दहाच तपासावे लागले, तर वेळ व खर्च दोन्ही वाचतात.

## शिक्षण

रेणवीय प्रतिरूपणाची स्वतंत्र पदवी सहसा नसते. रासायनिक अभियांत्रिकी, रसायनशास्त्र, भौतिकी वा पदार्थविज्ञान यांपैकी एका शाखेतून विद्यार्थी या क्षेत्रात येतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ऊष्मागतिकी, परिवहन घटना व अभिक्रिया अभियांत्रिकी हे विषय अभ्यासक्रमात असतातच. त्यांच्या जोडीला सांख्यिकीय यामिकी, पुंजरसायन, रेषीय बीजगणित, पायथन वा सी++ यांसारखी एखादी संगणकभाषा आणि लिनक्स कार्यप्रणालीची सवय आवश्यक ठरते.

यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी जवळच्या संस्थांमध्ये नागपूरचे लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ व विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि अमरावती येथील संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग यांचा समावेश होतो. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात यवतमाळ जिल्हा येतो. पदवीनंतर गेट परीक्षा देऊन भारतीय तंत्रज्ञान संस्था, भारतीय विज्ञान संस्था अथवा मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था येथे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. विज्ञान शाखेच्या पदवीधरांसाठी जॅम व नेट या परीक्षांचा मार्ग आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी चालवलेल्या एनपीटीईएल या उपक्रमात सांख्यिकीय यामिकी व रेणवीय सदृशीकरणाची व्याख्याने विनामूल्य पाहता येतात.

प्रयोगशाळेच्या तुलनेत या विषयाचा आरंभ कमी खर्चात होऊ शकतो. ग्रोमॅक्स, लॅम्प्स व क्वांटम एस्प्रेसो या आज्ञावल्या विनामूल्य उपलब्ध आहेत. काही हजार अणूंचे सदृशीकरण साध्या लॅपटॉपवर करता येते. चालू गणिताची स्थिती ठरावीक अंतराने साठवून ठेवण्याची सोय असल्याने मध्येच वीज गेली, तरी काम जेथे थांबले तेथून पुढे नेता येते. रहमान यांनी १९६४ मध्ये मोठ्या संगणकावर केलेले आर्गॉनचे सदृशीकरण आज विद्यार्थी सराव म्हणून करतात.

## व्यवसायाच्या संधी

या क्षेत्रातील कामाचे तीन मुख्य प्रवाह आहेत. पहिला प्रवाह विद्यापीठे व राष्ट्रीय प्रयोगशाळांतील अध्यापन-संशोधनाचा असून त्यासाठी विद्यावाचस्पती पदवी आवश्यक असते. दुसरा प्रवाह उद्योगांच्या संशोधन विभागांचा आहे. तेलशुद्धीकरण व उत्प्रेरक, बहुवारिके, रंग, औषधे, कृषिरसायने, विद्युतघट आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या उत्पादनात प्रतिरूपणाचा वापर होतो. माहिती तंत्रज्ञान उद्योगातील काही कंपन्याही अशी कामे करतात. पुणे येथे १९८१ साली सुरू झालेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्राची परंपरा या प्रकारची आहे. तिसरा प्रवाह प्रतिरूपणाच्या आज्ञावल्या तयार करणाऱ्या व त्यांच्या वापरकर्त्यांना साहाय्य करणाऱ्या कंपन्यांचा होय.

केवळ पदवीच्या बळावर निव्वळ प्रतिरूपणाची नोकरी मिळणे कठीण असते. अशा जागा मोजक्या असून त्या बहुतांशी पदव्युत्तर वा विद्यावाचस्पती पदवीधरांसाठी असतात. पदवीधर अभियंत्याचे पहिले काम सहसा कारखान्यातील उत्पादन वा प्रक्रिया विभागात असते. तथापि, या अभ्यासातून मिळणारी आज्ञावली लिहिण्याची व मोठ्या विदेचे विश्लेषण करण्याची कौशल्ये प्रक्रिया-सदृशीकरण, विदाविज्ञान आणि यंत्रशिक्षण या अन्य क्षेत्रांतही उपयोगी पडतात. कारखान्याचा अनुभव घेऊन पुन्हा संशोधनाकडे वळलेल्या अभियंत्याला कोणता आकडा खरोखर हवा आहे याची जाण अधिक असते.

## समुदाय

हे क्षेत्र सामायिक साधनांवर उभे आहे. प्रमुख आज्ञावल्या अनेक देशांतील संशोधकांनी मिळून घडवल्या असून त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता व सुधारता येते. बलक्षेत्रे व प्रथिनांच्या रचना यांचे संग्रहही खुले आहेत. एखाद्याने प्रसिद्ध केलेले गणित दुसऱ्याला त्याच साहित्यावरून पुन्हा करून पाहता येणे ही येथील विश्वासार्हतेची कसोटी मानली जाते.

युरोपात १९६९ साली स्थापन झालेले सेकॅम हे केंद्र कार्यशाळांसाठी प्रसिद्ध आहे. रासायनिक अभियंत्यांचा सहभाग असलेली फॉम्स ही परिषद २००० सालापासून भरते. उद्योगांनी पुढाकार घेतलेल्या एका आव्हान स्पर्धेत द्रवाचा एखादा गुणधर्म आधी गुप्तपणे मोजला जातो, स्पर्धक तो गणिताने काढतात व नंतर दोहोंची तुलना केली जाते. भारतात १९४७ साली स्थापन झालेली भारतीय रासायनिक अभियंता संस्था 'केमकॉन' ही वार्षिक परिषद भरवते, तर सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ 'थिऑरेटिकल केमिस्ट्री सिम्पोझियम'मध्ये एकत्र येतात. मराठीतून विज्ञानप्रसार करणारी मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून कार्यरत आहे. मराठी विश्वकोशात ऊष्मागतिकी, रसायनशास्त्र यांसारख्या मूलभूत विषयांवर मराठीतून लेखन उपलब्ध आहे. प्रगत अभ्यासाचे साहित्य मात्र इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला विषय व भाषा दोन्ही एकाच वेळी शिकावी लागतात.

## मर्यादा

प्रतिरूपणाचे उत्तर त्यात वापरलेल्या बलक्षेत्राइतकेच खरे असते. पाण्यासारख्या परिचित पदार्थासाठीही अनेक प्रतिरूपे असून कोणतेही एक सर्व गुणधर्म अचूक देत नाही. उत्तम समजल्या जाणाऱ्या, २००५ साली मांडलेल्या एका प्रतिरूपातील बर्फ शून्य अंशाऐवजी उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. म्हणून माहीत असलेल्या गुणधर्मावर प्रतिरूप आधी पारखून घेणे आणि मगच अज्ञाताकडे वळणे ही सर्वमान्य शिस्त आहे. संगणकावर सुंदर दिसणारे रेणूचे चित्र हा पुरावा नसतो.

रेणूंचे गणित आणि प्रत्यक्ष जीवन यांतील अंतरही ध्यानात घ्यावे लागते. शेतात मिसळलेल्या द्रव्यांचे प्रमाण, उष्मा, घामाने ओलावलेली त्वचा, पंपाची गळती यांपैकी बहुतेक गोष्टी रेणूंच्या पेटीत येत नाहीत. सुरक्षित कीटकनाशकाचा रेणू सुचवता आला, तरी त्याची विषशास्त्रीय चाचणी, नोंदणी, योग्य किंमत, मराठीतील स्पष्ट सूचनापत्रक आणि फवारणाऱ्याच्या अंगावरील संरक्षक पोशाख यांची जागा गणित घेऊ शकत नाही. शेत, रुग्णालय व प्रयोगशाळा येथून येणारी माहिती आणि संगणकाचा निष्कर्ष एकत्र आल्यावरच या शास्त्राचा व्यवहारात उपयोग होतो.

## हे सुद्धा पहा

* रासायनिक अभियांत्रिकी
* सांख्यिकीय यामिकी
* राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा
* परम महासंगणक
* यवतमाळ जिल्हा